राजाचा पाय गेला. आता लक्ष कशावर ठेवायचे?

२०२३ सालच्या अधिक श्रावणातली गोष्ट. संध्याकाळचा दवाखाना आवरत आला होता आणि शेवटचे पेशंट म्हणून गुरुजी आत आले. हे आमच्या गावचे निवृत्त मुख्याध्यापक. सातवीत त्यांनी मला गणित शिकवले. त्यामुळे मी पन्नाशी ओलांडली तरी ते मला ‘अरे’ म्हणूनच हाक मारतात, आणि मलाही ते बरे वाटते. रक्तदाब पाहिला तर १७० वर १००. एरवी एक गोळी न चुकवणारा हा माणूस. खोदून विचारले तेव्हा कळले, की आठ दिवस गोळ्यांची आठवण नाही आणि रात्रीची झोपही नाही. त्यांच्या अल्सेशियन कुत्र्याचा, राजाचा, पुढचा उजवा पाय हाडाच्या कॅन्सरमुळे कापावा लागला होता.

वाचकहो, या सदरात मी माणसांच्या आजारांविषयी लिहितो. मी पशुवैद्य नाही, माणसांचा साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. तरीही आजचा लेख कुत्र्यावर आहे, त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की घरातले जनावर आजारी पडले की त्यामागोमाग घरातली माणसेही आजारी पडतात, हे मी दवाखान्यात वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. दुसरे कारण माझ्या चुकीचे आहे. ते आधीच सांगून टाकतो.

त्याच वर्षी जूनमध्ये गुरुजी रक्तदाब तपासायला आले होते. जाता जाता दारातून म्हणाले, “राजा पुढच्या पायाने लंगडतोय रे.” मी चिठ्ठी लिहीत होतो. मान वर न करताच म्हणालो, “मुरगळला असेल गुरुजी. चार दिवस हिंडू देऊ नका.” त्या चार दिवसांचे एकवीस दिवस झाले. डॉक्टरने सांगितले आहे, म्हणून गुरुजी थांबले. मग पायाच्या मनगटाजवळ टणक सूज आली, हात लावला की राजा गुरगुरू लागला, तेव्हा ते पशुवैद्यकांकडे गेले. एक्स-रेमध्ये हाड वाळवीने खाल्लेल्या लाकडासारखे दिसले. तेथून मोठ्या शहरातल्या पशुवैद्यकीय रुग्णालयात तपासणी झाली, निदान पक्के झाले आणि पाय खांद्याच्या हाडासकट काढला गेला.

राजाला घरी आणून चार दिवस झाले होते. गल्लीतले लोक येत, टाक्यांकडे पाहत, चुकचुकत आणि निघून जात. गुरुजी मला म्हणाले, “अरे, पाय गेला तो गेला. आता मी बघायचं काय, तेवढं नीट सांग. आणि या वेळी मान वर करून सांग.”

मी आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना फोन लावला. त्यानंतरचे दहा महिने ते, गुरुजी आणि मी असे तिघे मिळून राजावर लक्ष ठेवून होतो. त्यातून जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

हा रोग आहे तरी कसा?

हाडाच्या या कॅन्सरला ऑस्टिओसार्कोमा म्हणतात. कुत्र्यांच्या हाडातच सुरू होणाऱ्या गाठींपैकी सुमारे ८५ टक्के गाठी याच असतात. मोठ्या चणीच्या जातींना हा रोग जास्त होतो. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, डॉबरमन, अल्सेशियन ही त्यातली आपल्या परिचयाची नावे. साधारणपणे सात वर्षांच्या पुढे तो दिसतो, क्वचित दीड-दोन वर्षांच्या तरण्या कुत्र्यालाही होतो. मागच्या पायांपेक्षा पुढच्या पायांत अधिक आढळतो. पुढच्या पायात मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ, आणि मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास, या त्याच्या आवडत्या जागा.

हाच रोग माणसांनाही होतो, तो बहुधा वाढीच्या वयातील मुलामुलींना आणि बहुतेक वेळा गुडघ्याजवळ. कॅनडाचा टेरी फॉक्स हा तरुण आपल्यापैकी काहींना आठवत असेल. १९७७ साली, अठराव्या वर्षी, याच रोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. कॅन्सर संशोधनासाठी निधी जमवावा म्हणून १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायावर देश पार करायला धावत निघाला. १४३ दिवसांत त्याने ५,३७३ किलोमीटर कापले. १ सप्टेंबरला त्याला थांबावे लागले. थांबवले ते पायाने नव्हे. रोग फुप्फुसांत पोचला होता. जून १९८१ मध्ये तो गेला. तेव्हापासून माणसांतील उपचार खूप सुधारले आहेत, पण रोगाची चाल तीच आहे.

कुत्र्यांतही नेमके हेच घडते. निदानाच्या वेळी काढलेला छातीचा एक्स-रे बहुतेक कुत्र्यांत स्वच्छ येतो. पण दहापैकी सुमारे नऊ कुत्र्यांत रोगाच्या पेशी रक्तातून आधीच पुढे गेलेल्या असतात, आणि त्यांचा पहिला मुक्काम बहुधा फुप्फुसांत असतो. त्या इतक्या बारीक असतात, की एक्स-रेत दिसत नाहीत.

मग पाय कापायचा कशाला, असा प्रश्न कुणीही विचारील. पाय कापतात तो मुख्यतः वेदना थांबवण्यासाठी. हा रोग हाड आतून पोखरतो. त्याचे दुखणे भयंकर असते आणि साध्या उडीनेही ते हाड मोडू शकते. पाय गेला की दुखण्याचे मूळ जाते. आयुष्याचा हिशोब मात्र वेगळा आहे. नुसता पाय काढला तर सरासरी चार ते पाच महिने मिळतात. त्याला केमोथेरपीची जोड दिली तर दहा महिने ते वर्षभर, आणि पाचांतला सुमारे एक कुत्रा दोन वर्षे पार करतो.

हे आकडे मी गुरुजींना जसेच्या तसे सांगितले. गणिताच्या माणसाला गोल गोल बोललेले आवडत नाही. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हणजे सगळे टाक्यांकडे बघतायत, आणि बघायचं आहे छातीकडे.” या साऱ्या लेखाचे सार त्या एका वाक्यात आहे.

पहिले पंधरा दिवस

अर्थात सुरुवातीला टाक्यांकडेही पाहावे लागतेच. पहिल्या काही दिवसांत जखमेभोवती थोडी सूज येते, कातडी काळीनिळी दिसते, कधी त्वचेखाली पाणी साठून मऊ फुगवटी येते. हे बहुतेक वेळा आपोआप ओसरते. फुगवटी घरी सुईने फोडू नये. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तोवर जखम ओली करू नये आणि कुत्र्याला ती चाटू देऊ नये. त्यासाठी गळ्यात शंकूसारखी कॉलर घालतात. राजाने पहिल्या दिवशी ती दाराला आपटून तडकवली. काकूंनी ती दोऱ्याने शिवून पुन्हा घातली.

जखमेला वास येणे, पू येणे, कडा उसवणे, किंवा सूज कमी होण्याऐवजी वाढून गरम लागणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवावे.

ताप पाहण्याविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. म्हणजे आपल्याला जो ताप, ते त्याचे आरोग्य. हाताने अंदाज घेऊन उपयोग नाही. स्वतंत्र थर्मामीटर ठेवावा, त्याला व्हॅसलीन लावून गुदद्वारात अलगद धरावा.

वेदना कशी ओळखावी? कुत्रा फारसा विव्हळत नाही. तो सारखी जागा बदलतो, उकाडा नसताना धापा टाकतो, थरथरतो, खायला तोंड लावत नाही, कोपऱ्यात जाऊन बसतो. काही कुत्री झोपेतून एकदम दचकून ओरडतात आणि नसलेल्या पायाकडे वळून पाहतात. माणसांत पाय कापल्यावर तो गेलेला पाय दुखतो, हे आम्हा डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. कुत्र्यांतही तसेच होत असावे असे पशुवैद्यक मानतात. त्यावर औषधे आहेत. ‘सवय होईल’ म्हणून गप्प बसू नये.

आपल्या डब्यातली गोळी त्याला नको

तिसऱ्या रात्री राजा अस्वस्थ होता. काकूंनी आपल्या गुडघेदुखीची गोळी अर्धी करून भाकरीत कुस्करली. हेतू मायेचाच. सुदैवाने गुरुजींनी ते पाहिले आणि रात्री अकराला मला फोन केला.

माणसांच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, काळे शौच होते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलसुद्धा मनाने देऊ नये. मांजराला तर ते जिवावर बेतते. एकच औषध वेगवेगळ्या प्राण्यांत किती वेगळे वागते, याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे, मेलेली जनावरे खाणारी गिधाडे मूत्रपिंडे बिघडून मोठ्या प्रमाणावर मेली, आणि २००६ साली जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली. गायीला सोसले ते गिधाडाला सोसले नाही. वेदनाशामक द्यायचे ते पशुवैद्यकांनी वजन पाहून ठरवलेलेच द्यावे. त्यांना रात्री उठवायला संकोच वाटू देऊ नये.

उरलेल्या तीन पायांची निगा

पाय गेल्याचे दुःख माणसाला होते, तसे कुत्र्याला होताना दिसत नाही. राजा दुसऱ्या दिवशीच उभा राहिला. आठवड्याने अंगणात, पंधरा दिवसांनी फाटकापर्यंत. बहुतेक कुत्री दोन ते चार आठवड्यांत तोल सावरतात. पण कुत्र्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. त्यातला एक गेला, की उरलेल्या एकाला त्यातला बराच उचलावा लागतो. म्हणून त्या पायाकडे मालकाने रोज पाहायला हवे.

घरातली गुळगुळीत फरशी हा पहिला शत्रू. गुरुजींनी ओटीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुन्या सतरंज्या आणि तरटे अंथरली. पाण्याचे आणि जेवणाचे भांडे विटांवर ठेवून उंच केले, म्हणजे मान खाली घालताना तोल जात नाही. पायऱ्या उतरताना छातीखालून टॉवेलची झोळी धरली. फिरणे थोडे थोडे, पण दिवसातून तीन-चार वेळा. नखे वाढू दिली नाहीत, आणि पंजाखालच्या गाद्यांना चिरा पडल्या आहेत का, हे रोज पाहिले.

वजन हा दुसरा शत्रू. ‘बिचारा आजारी आहे’ म्हणून तूप-भात, बिस्किटे, शेजाऱ्यांचा खाऊ असे सुरू होते. तीन पायांवर दोन किलो जास्तीचे, हे चार पायांवरच्या दोन किलोंपेक्षा फार जड. बरगड्यांवरून हात फिरवावा. थोड्याशा दाबाने बरगड्या मोजता आल्या पाहिजेत, पण त्या लांबून दिसता कामा नयेत. गुरुजी दर रविवारी राजाला उचलून धान्याच्या दुकानातल्या काट्यावर उभे राहत आणि मग स्वतःचे वजन वजा करत. त्या निमित्ताने त्यांचे स्वतःचेही वजन लिहिले गेले!

आणि एक नियम पाठ करावा: तीन पायांचा कुत्रा नव्याने लंगडू लागला, तर ‘ताण पडला असेल’ असे कुणीही, अगदी डॉक्टरनेही, परस्पर म्हणू नये. ताण असू शकतो, सांधेदुखी असू शकते, तसेच रोग दुसऱ्या हाडात पोचलेला असू शकतो. त्या पायाचा एक्स-रे काढावा.

केमोथेरपीच्या काळात

राजाला कार्बोप्लॅटिन हे औषध शिरेतून, दर तीन आठवड्यांनी, असे चार वेळा दिले गेले. दर खेपेला शहरात जाण्यासाठी जीप ठरवावी लागे. खर्च मोठा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना तो झेपत नाही त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. नुसत्या शस्त्रक्रियेने आणि वेदनाशामकांनीही जनावराला काही सुखाचे महिने मिळतात.

माणसांना केमोथेरपीचा जितका त्रास होतो, तितका बहुतेक कुत्र्यांना होत नाही. कारण येथे औषधाची मात्रा रोग मुळापासून उपटण्यासाठी ठरवलेली नसते. जगणे सुसह्य ठेवून आयुष्य वाढवावे, एवढाच हेतू असतो. केसही सहसा जात नाहीत. दोन-तीन दिवस भूक मंदावते, कधी उलटी किंवा जुलाब होतात. मुख्य धोका दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास असतो. तेव्हा रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात आणि साधा जंतूही भारी पडतो. या दिवसांत रोज ताप पाहावा. तो १०३ अंशांच्या वर गेला, किंवा कुत्रा एकदम मलूल झाला, तर सकाळची वाट पाहू नये. प्रत्येक डोसच्या आधी रक्ततपासणी होते. पेशी भरून आल्या नसतील तर डोस पुढे ढकलतात. त्याचा बाऊ करू नये.

आपल्याकडे आणखी एका गोष्टीवर लक्ष हवे, ते म्हणजे गोचीड. गोचीडतापाने रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, कमी होतात. केमोथेरपीनेही होतात. दोन्ही एकत्र आले तर गाठ कठीण. अंगावर, विशेषतः कानात आणि बोटांच्या बेचक्यात, रोज हात फिरवावा. हिरड्यांवर किंवा पोटावर लाल ठिपके दिसले तर लगेच रक्त तपासावे.

औषध दिल्यानंतर दोन-तीन दिवस कुत्र्याची लघवी, शौच, उलटी साफ करताना हातमोजे घालावेत. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्यापासून दूर ठेवावे.

खरी नजर छातीवर

आता मुख्य मुद्दा. शस्त्रक्रियेनंतर दर दोन ते तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे काढतात, तो तीन बाजूंनी: उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि उताणे किंवा पालथे झोपवून. खाली दबलेल्या फुप्फुसातली गाठ एका फोटोत लपते, ती दुसऱ्यात दिसते. म्हणून ‘एकच काढा, पैसे वाचतील’ असे म्हणू नये. साध्या एक्स-रेमध्ये गाठ साधारण सात-आठ मिलिमीटरची झाल्यावरच दिसते. सी.टी. स्कॅनमध्ये त्याहून लहानही दिसते, पण ती सोय सर्वत्र नाही.

दोन एक्स-रेंच्या मधल्या काळात काय करायचे? येथे घरच्या माणसाच्या हाती एक साधे, बिनखर्चाचे साधन आहे. कुत्रा गाढ झोपलेला असताना त्याचे श्वास मोजायचे. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. घड्याळ लावून तीस सेकंद मोजावे आणि दुप्पट करावे. झोपेतला हा आकडा मिनिटाला ३० च्या आत असावा. बहुतेक कुत्र्यांचा त्याहून बराच कमी असतो. जागेपणी किंवा उन्हातून आल्यावर मोजू नये. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो, त्यामुळे तो आकडा फसवतो. स्वप्नात पाय हलवत असेल तेव्हाही मोजू नये.

एका दिवसाच्या आकड्याला महत्त्व नाही. आपल्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा किती, आणि तो वर सरकतो आहे का, एवढे पाहावे. म्हणून कुत्रा चांगला असतानाच मोजायला लागावे.

छातीत गाठी झाल्या म्हणजे खोकला येईलच, अशी समजूत असते. तसे नाही. बराच काळ खोकला नसतो. खाणे थोडे कमी, वजन हळूहळू उतरते, फिरायला जाताना मध्येच बसतो, अशी ती सुरुवात असते. आणखी एक चमत्कारिक लक्षण म्हणजे, छातीतल्या गाठीमुळे काही कुत्र्यांचे पाय खालपर्यंत टणक सुजतात आणि दुखतात. सूज पायावर, कारण छातीत. असे दिसले तर पायाला मलम चोळत न बसता छातीचा एक्स-रे काढावा.

गुरुजींची वही

गुरुजींनी शंभर पानी वही घातली. आडव्या-उभ्या रेघा मारून रकाने केले. कुणाला उपयोगी पडेल म्हणून त्यातली रचना देतो.

रोज: झोपेतले श्वास, खाल्ले किती, शौच-लघवी, पंजाखालच्या गाद्या, गोचीड.

आठवड्यातून एकदा: वजन, जखमेच्या जागेवरून आणि उरलेल्या तीन पायांवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवून कुठे टणक सूज किंवा दुखरी जागा आहे का, हिरड्यांचा रंग गुलाबी की फिकट.

केमोथेरपीच्या दुसऱ्या आठवड्यात: रोज दोनदा ताप.

दोन ते तीन महिन्यांनी: छातीचा एक्स-रे आणि पशुवैद्यकांकडून पूर्ण तपासणी.

शेवटचा रकाना होता ‘दिवस कसा गेला’. त्यात फक्त बरोबर किंवा चूक अशी खूण. राजाला तीन गोष्टी प्रिय होत्या: दुधात कुस्करलेली भाकरी, संध्याकाळी शाळा सुटताना फाटकाशी बसून पोरांची वाट पाहणे, आणि पोस्टमनवर भुंकणे. तीनांतल्या दोन झाल्या तर बरोबरची खूण.

मे महिना

नोव्हेंबरचा एक्स-रे स्वच्छ आला. जानेवारीचाही. मार्चच्या अखेरचाही. झोपेतले श्वास १८ ते २२. बरोबरच्या खुणांनी पानेच्या पाने भरली. गुरुजींचा रक्तदाबही जागेवर आला. राजासाठी वही उघडली की त्यांना स्वतःची गोळी आठवत असे.

मे २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात गुरुजी वही घेऊन दवाखान्यात आले. आकडे होते २४, २३, २६, २७. बाहेर ऊन मी म्हणत होते. ‘उकाडा आहे गुरुजी, म्हणून असेल’ हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आले होते. मला जून आठवला आणि मी ते गिळले. “मोजता केव्हा?” मी विचारले. “पहाटे साडेचारला, गारव्यात. नेहमीसारखं,” ते म्हणाले. मी तेथूनच पशुवैद्यकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी एक्स-रे निघाला. फुप्फुसांत तीन गाठी होत्या.

खोकला तेव्हाही नव्हता. वहीने तो दिवस आधी सांगितला, त्यामुळे पुढचे दिवस घाबरगुंडीत गेले नाहीत. सूज आणि दुखणे कमी ठेवणारी औषधे सुरू झाली. राजाला पाहायला मुंबईहून मुलगी येऊन गेली. शाळेला सुट्टी होती, तरी गल्लीतली पोरे संध्याकाळी मुद्दाम फाटकाशी येऊन बसू लागली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सलग चार दिवस चुकीची खूण पडली. झोपेतले श्वास ४४. राजा आडवा झोपू शकत नव्हता, बसूनच डुलक्या घेत होता. माणसांच्या बाबतीत आम्हा डॉक्टरांच्या हाती नसलेला एक मार्ग पशुवैद्यकांकडे असतो. तो केव्हा स्वीकारायचा, हा प्रश्न प्रत्येक मालकाला पडतो आणि ‘उद्या पाहू’ म्हणत तो लांबवला जातो. गुरुजींनी वहीकडे पाहून ठरवले. पशुवैद्यक घरी आले. आधी गुंगीचे इंजेक्शन, मग शेवटचे. राजाचे डोके काकूंच्या मांडीवर होते. त्याला काही दुखले नाही.

पंधरा दिवसांनी गुरुजी रक्तदाब तपासायला आले. १४० वर ८४. मला राहवेना. म्हणालो, “गुरुजी, ते एकवीस दिवस...” ते म्हणाले, “मी विचारलंय तुझ्या मित्राला. तो म्हणतो, लंगडायला लागला तेव्हाच बी बहुधा पडून गेलेलं असतं. तेव्हा आयुष्य तू कमी केलंस, असं मी म्हणणार नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “पण एकवीस दिवस त्याला दुखलं. तेवढं तुझ्या खात्यावर.”

उत्तर बरोबर होते. मी ते माझ्या खात्यावर मांडून घेतले आहे.

म्हणून वाचकहो, शेवटी एवढेच सांगणे. मोठ्या चणीचा कुत्रा आठवड्याहून अधिक काळ लंगडत असेल, किंवा हाडावर टणक सूज दिसली, तर पायाचा एक्स-रे काढून घ्या. माणसांच्या डॉक्टरला दारातून विचारू नका, आणि विचारलेच तर त्याचे उत्तर मानू नका. पाय कापावा लागला तर खचू नका. तीन पायांवरही ते जनावर आनंदाने जगते. टाके सुकले की नजर छातीकडे वळवा, झोपेतले श्वास मोजा, लिहून ठेवा. आणि त्या धावपळीत स्वतःची रक्तदाबाची गोळी विसरू नका.